आउट होण्याची नोकरी

माझ्या ओळखीत असा एकच माणूस आहे, ज्याला आउट होण्याबद्दल दरमहा पगार मिळत असे. प्रमोद इंगळे त्याचं नाव. सिंगापूरमध्ये क्लेमेंटीला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये तो आणि त्याची बायको वैशाली भाड्याने राहत. वैशाली विद्यापीठात संशोधन करायची आणि इंगळे तिच्यामुळे मिळणाऱ्या जोडीदाराच्या पासवर इथे आलेला होता. स्वयंपाक, बाजारहाट, इस्त्री हे सगळं त्याच्याकडे, आणि ते तो इतक्या निगुतीनं करायचा की आमच्या घरात माझा भाव हळूहळू उतरत गेला.

पहिल्याच भेटीत त्याने मला सांगितलं की तो पूर्वी जपानमध्ये व्यावसायिक बेसबॉल खेळत होता. मी हिशेब तपासायच्या धंद्यातला माणूस. समोरचा काय सांगतो ते नीट ऐकून घ्यायचं आणि मग पुरावा मागायचा, ही माझी सवय. इंगळे मूळचा अमरावतीकडचा, उंची माझ्याएवढीच, पोट माझ्यापेक्षा थोडंच कमी. असा माणूस आणि जपानमध्ये पगारी बेसबॉल? मी "अरे वा" म्हणालो आणि दार लावून घेतलं.

पुरावा एका रविवारी सकाळी आपणहून समोर आला. आमच्या ब्लॉकखाली खांबांच्या मधली मोकळी जागा आहे, तिला इथे व्हॉइड डेक म्हणतात. तिथे चेंडूचे खेळ खेळायला मनाई आहे आणि तशी पाटीही आहे. त्या पाटीच्या बरोबर खाली इंगळे मिटलेली छत्री दोन्ही हातांत आडवी धरून गुडघ्यांत वाकून उभा होता. समोरून वैशाली टेनिसचा चेंडू अंगातली सगळी ताकद लावून फेकत होती. चेंडू छत्रीला लागायचा आणि तिथेच मरायचा. उसळी नाही की आवाज नाही. इंगळेच्या पायांपुढे जरासा घरंगळायचा आणि उन्हात मांजर बसावं तसा बसून राहायचा.

बाकावर पेपर वाचत बसलेले एक चिनी आजोबा बराच वेळ हे पाहत होते. शेवटी त्यांनी पेपर खाली केला आणि विचारलं, "यू प्लेइंग ऑर नॉट प्लेइंग, लाह?"

प्रश्न रास्त होता. थोड्या वेळाने देखरेखीवरचा माणूस आला. त्याने पाटीकडे पाहिलं, मग चेंडूकडे पाहिलं. चेंडू कुठेच जात नव्हता, कुणाला लागत नव्हता, कुणाची झोप मोडत नव्हता. नियम नक्की कशाने मोडला जातोय हे त्याला ठरवता येईना. तो निघून गेला.

"याले बंट म्हणतात, लिमयेसाहेब," इंगळे मला म्हणाला. एरवी तो आमच्यासारखंच मराठी बोलायचा, पण खेळाचा विषय निघाला की अमरावती वर यायची. "बॉल मारायचा नाई. झोपवाचा."

त्याने मग मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. बेसबॉलमध्ये मैदानावर चार थांबे असतात. फलंदाज जिथे उभा राहतो तो चौथा, त्याला घर म्हणतात. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या थांब्याला शिवून घरी परत आलं की एक धाव. आता समजा आपला एक गडी पहिल्या थांब्यावर येऊन अडकला आहे. अशा वेळी पुढच्या फलंदाजाने चेंडू जोरात न मारता आपल्या पायांपुढे झोपवायचा. समोरचे लोक धावत येऊन तो उचलतात आणि फलंदाजाला आउट करतात, पण तेवढ्यात अडकलेला गडी एक थांबा पुढे सरकतो. थोडक्यात, दुसऱ्याला पुढे ढकलण्यासाठी स्वतः मुद्दाम आउट व्हायचं.

जपानमधल्या एका लहान शहराच्या संघाने इंगळेला एवढ्या एकाच कामासाठी ठेवलं होतं. सामना अटीतटीला आला आणि कुणी पहिल्या थांब्यावर अडकला की प्रशिक्षक बाकाकडे वळून बोट करायचा. इंगळे उठायचा, मैदानात जायचा, चेंडू झोपवायचा, आउट व्हायचा, टोपी काढायचा आणि परत येऊन बसायचा. सगळा संघ रांगेत उभा राहून त्याच्याशी हात मिळवायचा. दुसऱ्या दिवशी बाजारात टोफूवाला कालच्या आउटबद्दल वाकून आभार मानायचा.

"आपल्याकडे आउट होऊन आलं का लोक तोंड फिरवतात," इंगळे म्हणाला. "तिथं म्हातारे उभे राहून टाळ्या वाजवत, बाप्पा. मले पहिल्यांदा वाटलं, टिंगल करून राहिले."

मी आकडे मागितले. त्याने त्या लीगचं जुनं पान फोनवर काढून दिलं. दोन हंगाम. त्याग करून आउट झाल्याचा त्या खेळात वेगळा रकाना असतो आणि त्या रकान्यात इंगळेच्या नावापुढे भरभक्कम आकडा होता. गंमत अशी, की त्याग केला की ती खेळी सरासरीत धरतच नाहीत. जमेला नाही आणि खर्चालाही नाही. राहिल्या त्या थोड्या वेळा, जेव्हा त्याचा बंट फसला होता. त्या मात्र धरल्या होत्या. त्यामुळे त्याची फलंदाजीची सरासरी होती शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य. त्या खेळात सरासरी तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात.

माझ्या धंद्यात मी पुष्कळ ताळेबंद पाहिले आहेत. जिथे शून्य दिसतं तिथे सहसा कुणाची तरी नोकरी जाते. शून्याबद्दल नोकरी टिकलेला हा पहिलाच. त्या दिवसापासून मी इंगळेवर विश्वास ठेवायला लागलो.

पुढे पुढे लक्षात आलं की हा माणूस मैदानाबाहेरही तोच धंदा करतो. लिफ्टमध्ये वजन जास्त होऊन घंटी वाजली की सगळे एकमेकांच्या पोटांकडे पाहायला लागतात. इंगळे आधीच बाहेर पडलेला असायचा, अगदी तो पहिला चढलेला असला तरी. जुरोंग ईस्टला गाडी बदलताना गर्दीत तो बाजूला होऊन पाचसहा जणांना पुढे काढायचा आणि स्वतः पुढच्या गाडीने यायचा. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवायला गेलो की टेबल राखायला तो बसणार, सगळ्यांचं आणून झालं की शेवटी हा उठणार, आणि तोवर त्याला हवी ती भाजी संपलेली असणार. याचं त्याला वाईट वाटत नसे. उलट बरोबरच्या सगळ्यांना गरम मिळालं याचा हिशेब करून तो खूश असायचा. "मी एक आउट झालो, चारजण पुढे सरकले," म्हणायचा.

वैशालीला हे मुळीच पसंत नव्हतं. ती बोलायला तिखट होती आणि नवऱ्याला नावाने, अरेतुरे करायची. तिने मला सेरंगूनच्या फ्लॅटची गोष्ट सांगितली. सिंगापूरला आल्या आल्या त्यांना तिथे एक चांगला फ्लॅट मिळत होता, स्टेशनजवळ, वाऱ्याचा, भाडंही बेताचं. दोघं पाहायला गेले तेव्हा आणखी एक जोडपं आलं होतं, कडेवर मूल. वैशाली स्वयंपाकघर पाहून बाहेर येईपर्यंत इंगळेने त्या जोडप्याला फ्लॅट देऊन टाकला होता आणि वर त्यांच्या मुलाला खेळवत उभा होता.

"ते लोक आम्हाला दिवाळीला मिठाई पाठवतात," वैशाली म्हणाली. "त्यांच्या त्या वाऱ्याच्या घरातून."

आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांनी मिक्स्ड सॉफ्टबॉलचा संघ काढला तो इंगळेमुळेच. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचीच थोडी सौम्य बहीण: चेंडू मोठा, मैदान लहान, फेकायचं ते खालच्या हाताने. हौशी संघांची एक रविवारची स्पर्धा होती, तिच्यात आम्ही नाव दिलं. इंगळे प्रशिक्षक आणि खेळाडू. वैशाली तिसऱ्या थांब्याजवळ उभी राहून फलंदाजांना हातांनी खुणा करणार: नाकाला हात लावला की बंट, टोपीला लावला की मार. मी आकडे लिहायला. माझी बायको सुनंदा खेळायला, कारण डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं होतं आणि नुसतं चालायचा तिला कंटाळा.

हा संघ म्हणजे इंगळेच्या कारकिर्दीतली सर्वांत अवघड नोकरी ठरली. सगळे दहावी-बारावीला पहिल्या-दुसऱ्या नंबरात आलेले लोक. आयुष्यात कुणी कधी मुद्दाम मागे राहिलेलं नव्हतं. बंटची खूण झाली की यांच्या चेहऱ्यावर अपमान दिसायचा. गोखले नावाचा आमचा एक आयटी मॅनेजर होता, चांगला दणकट. त्याने सरळच विचारलं, "माझी विकेट मी का देऊ? आणि आउट व्हायचंच असेल तर निदान मारून होतो."

इंगळेने त्याला सगळं गणित समजावलं. गोखलेने ते मान्य केलं, दोन चांगले प्रश्नही विचारले, आणि पुढच्या सामन्यात नाकाची खूण पाहून इतक्या जोरात बॅट फिरवली की स्वतःभोवती वळून खाली बसला.

दुसरी अडचण क्रिकेटची. आमच्या लोकांच्या हाडात क्रिकेट. झेल घेतला की खेळ संपला, असं आमच्या पायांनाच वाटायचं. सॉफ्टबॉलमध्ये तसं नाही. झेल घेतला तरी चेंडू चालू असतो. फलंदाज आउट, पण थांब्यावर उभा असलेला गडी झेल होईस्तोवर तिथेच थांबला असेल, तर झेलानंतर पुढे पळू शकतो. इंगळेने हे इतक्या वेळा सांगितलं की माझी मुलगी, जी सामन्यांना फक्त आइस्क्रीमसाठी येते, तीही म्हणायला लागली, "बाबा, एव्हन आय नो ऑलरेडी." पण झेल गेला की आमचे गडी मान खाली घालून तंबूकडे चालायला लागायचे. सुनंदाचं उलट. ती एकदा थांब्यावर पोचली की कुणी नाव घेऊन सांगितल्याशिवाय तिथून हलायचीच नाही. इंगळे तिला आदर्श खेळाडू म्हणायचा.

हंगाम संपत आला तरी आम्ही एकही सामना जिंकलेला नव्हता. त्याच सुमारास वैशालीचा इथला करार संपत आला आणि तिला जर्मनीत काम मिळालं. शेवटच्या सामन्यानंतर थोड्याच दिवसांत ते दोघं जाणार होते.

त्या आठवड्यात हॉकर सेंटरमध्ये चहा पिताना मी इंगळेला विचारलं, की जपानमधल्या त्या दोन वर्षांत कधी जोरात मारावंसं वाटलं नाही का. तेव्हा त्याने मला जे सांगितलं ते तोवर फक्त वैशालीला माहीत होतं. जपानमधला त्याचा शेवटचा सामना नाममात्र होता. त्यावर काही अवलंबून नव्हतं. संघ त्याला पुढच्या वर्षी ठेवणार नाही हेही ठरलेलं होतं. प्रशिक्षकाने त्याला पाठवताना खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, आज मार. जसा हवा तसा मार. लोकांना कळलं होतं, ते उभे राहिले होते.

"मंग?" मी विचारलं. त्याच्याशी बोलताना माझंही असं व्हायचं.

"पहिल्या थांब्यावर माणूस उभा होता ना, लिमयेसाहेब," इंगळे म्हणाला. "झोपवला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण नेहमीसारख्या नाहीत, असं तो म्हणाला. त्यानंतर इंगळेने कुठल्याच सामन्यात बॅट पूर्ण फिरवलेली नव्हती. आमच्या संघातसुद्धा तो येईल तेव्हा बंटच करायचा, गोखलेला दाखवायला म्हणून. आता एकच सामना उरला होता. "ह्या खेपेला मारतो," तो म्हणाला, आणि चहाचा कप उचलायच्या आधी त्याने माझ्या पुढ्यातला रिकामा कप उचलून ट्रेमध्ये ठेवला. मला काही खात्री वाटली नाही.

सामना जुरोंगच्या बाजूच्या एका मैदानावर होता. समोर एका कंपनीतल्या लोकांचा संघ, सगळे आपल्याच देशातले, बंगलोर, चेन्नई, हैदराबादकडचे. शेवटचा डाव, फलंदाजी आमची, धावा बरोबरीत. एक धाव झाली की जिंकलो.

सुनंदाला त्यांच्या गोलंदाजाने चार चेंडू बाहेर टाकले, म्हणून नियमाप्रमाणे पहिला थांबा फुकट मिळाला. मग गोखले आला. वैशालीने नाकाला हात लावला. गोखलेने खूण पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि पूर्ण ताकदीने बॅट फिरवली. चेंडू बॅटच्या अगदी कडेला लागून त्याच्या पायांपुढे पडला आणि तिथेच झोपला. गोखले आउट झाला, सुनंदा दुसऱ्या थांब्यावर पोचली. इंगळेने धावत जाऊन गोखलेला मिठी मारली. आपण ते मुद्दाम केलं असं गोखले आजही सांगतो.

पुढच्या फलंदाजाच्या वेळी एक चेंडू त्यांच्या यष्टिरक्षकाच्या हातून सुटून मागे गेला. वैशालीने "सुनंदावहिनी, या" अशी हाक मारल्यावर सुनंदा तिसऱ्या थांब्यावर आली. त्या फलंदाजालाही मग चार चेंडू बाहेर मिळून पहिला थांबा मिळाला. आणि इंगळे बॅट घेऊन उभा राहिला.

वैशालीने टोपीला हात लावला. म्हणजे मार.

इंगळेने वेळ मागून घेतला, बाहेर आला, आणि खूण पुन्हा विचारली. तिने पुन्हा टोपीला हात लावला. पहिला चेंडू आला तेव्हा त्याचे हात आपोआप बॅटवर पसरले, गुडघे वाकले, अगदी शेवटच्या क्षणी त्याने बॅट मागे घेतली. चेंडू सरळ होता, तीन संधींतली एक गेली. त्याने परत वेळ मागितला आणि खूण विचारली. आता वैशालीने दोन्ही हातांनी टोपी काढून हवेत हलवली. दुसऱ्या चेंडूला त्याने बॅट फिरवली खरी, पण चेंडू केव्हाच निघून गेला होता. दोन गेल्या. तो तिसऱ्यांदा बाहेर आला आणि तिच्याकडे पाहायला लागला, एखाद्याने दुकानात किंमत पुन्हा विचारावी तसा.

वैशालीने खुणा सोडून दिल्या. मैदानावर सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "प्रमोद, तो फ्लॅट आठव आणि मार."

तिचं मराठी समोरच्यांना कळलं नाही. पण आवाज कळला. एका बाईने असं काही ओरडल्यावर नवरा काय करणार हे त्यांनी ओळखलं, आणि त्यांचा लांबचा क्षेत्ररक्षक हळूहळू मागे सरकत कुंपणाला जाऊन टेकला.

इंगळेने मारला. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, कारण त्याच्या बॅटला आवाजच नसायचा. चेंडू वर गेला, आणखी वर गेला, आमचे सगळे उभे राहिले, आणि कुंपणाला टेकलेल्या त्या मुलाने हात वर करून तो पकडला. तो तिथे पोचला होता वैशालीच्या ओरडण्यामुळे. एरवी इतक्या मागे कुणी उभं राहत नाही.

त्यानंतर जे झालं ते फक्त आपल्या लोकांच्याच हातून होऊ शकतं. तीन गडी आउट झाल्यावर डाव संपतो आणि हा दुसराच होता, तरी त्यांचा सगळा संघ त्या मुलाकडे धावला. एकाने त्याला उचललं, बाकीचे पाठीवर थापा मारायला लागले, कुणी तरी त्याची टोपी उडवली. विश्वचषकाचा झेल घेतल्यासारखं. आमचे लोकही सवयीने मान खाली घालून सामान आवरायला लागले. चेंडू त्या घोळक्यात कुठे तरी होता. पंच म्हणून आलेला चिनी मुलगा मात्र हात गुडघ्यांवर ठेवून मुकाट्याने सुनंदाकडे पाहत होता.

सुनंदा तिसऱ्या थांब्यावर उभी होती, कारण तिला कुणी हलायला सांगितलं नव्हतं. वैशाली तिच्याजवळ गेली आणि बाजारात भाजीबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाली, "वहिनी, धावू नका. चालत घरी जा. कुणी बघत नाहीये."

सुनंदा चालत निघाली. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेगाने, पदर नसतानाही पदर सावरल्यासारखा हात करत, ती तिसऱ्या थांब्यावरून घरी आली आणि घराच्या पांढऱ्या पाटीवर दोन्ही पाय ठेवून उभी राहिली. पंचाने धाव दिली. तिकडच्या घोळक्यातून एकाने वळून पाहिलं, मग दुसऱ्याने, आणि त्यांचा आवाज एकदम बंद झाला. आम्ही जिंकलो होतो.

नियमाप्रमाणे, झेल गेला पण त्यावर गडी घरी आला, म्हणजे हाही त्यागच. तो सरासरीत धरत नाहीत. मी नियम दोनदा तपासला आणि तसंच लिहिलं.

हे सगळं होत असताना इंगळे धावत होता. मारल्यावर मान खाली घालून तो जो निघाला तो पहिला थांबा शिवून दुसऱ्याकडे वळला होता. चेंडू लांब गेला की पाहायचं कुठे असतं हे त्याला बहुधा माहीत नव्हतं. दुसऱ्या थांब्याजवळ पंचाने त्याला गाठलं आणि शांतपणे सांगितलं, "अंकल, यू आउट ऑलरेडी."

"आय नो," इंगळे म्हणाला, आणि धावत राहिला.

त्याने दुसरा थांबा शिवला. पोट हलत होतं, एका बुटाची नाडी सुटली होती. तिसऱ्या थांब्यावर वैशाली हात पुढे करून उभी होती. त्याने तिच्या हातावर टाळी दिली, थांब्यावर पाय ठेवला आणि घराकडे वळला. घरी त्याची वाट पाहणारं कुणी नव्हतं. सगळा संघ सुनंदाभोवती गोळा झाला होता, आणि गोखले तिला बंटचं महत्त्व समजावत होता. इंगळेने पाटीवर नीट पाय ठेवला, टोपी काढली, आणि सुनंदाशी हात मिळवायला लोक उभे होते त्या रांगेत सगळ्यांत शेवटी जाऊन उभा राहिला, धापा टाकत.